प्रार्थनेची घंटा आणि प्रवेशाचं रजिस्टर

नमस्कार मंडळी. ख्रिस्ती संस्थेच्या बालगृहात मुलांच्या आयुष्यात धर्माची जागा कोणती, हा आजचा विषय. समोर अधीक्षक आहेत, काळजीवाहक ताई-मावश्या आहेत, पाळकसाहेब आहेत, तेव्हा थेट कामाचंच बोलू.

कोल्हापुरात मिशनचं काम 1852 मध्ये रॉयल वाइल्डर आले तेव्हापासूनचं. राजर्षी शाहूंच्या काळात इथं मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी वसतिगृहं निघाली. तिथं मूल आपल्याच समाजात राहून शिकत होतं. बालगृहाचं तसं नाही. इथं मूल बालकल्याण समितीच्या आदेशानं येतं आणि संस्था कोणत्या धर्माची हे त्यानं निवडलेलं नसतं. शिवाय आपण ‘अनाथ’ म्हणतो त्यातल्या बऱ्याच मुलांची आई किंवा बाप हयात असतो, गावात आजी असते. म्हणजे मुलाचा धर्म ही आपल्याकडं ठेवायला दिलेली ठेव आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं 20 वं कलमही हेच सांगतं: घराबाहेर वाढणाऱ्या मुलाच्या धर्माची, भाषेची, संस्कृतीची सलगता लक्षात घ्या. भारतानं 1992 साली ही संहिता मान्य केली आहे.

सगळ्यात मोठं नुकसान प्रार्थनेनं होत नाही, ते रजिस्टरमध्ये होतं. जूनमध्ये शाळेत नाव घालताना लेखनिक अर्जावर संस्थेचं नाव बघतो आणि धर्माच्या रकान्यात ‘ख्रिश्चन’ लिहून मोकळा होतो. मूल मातंग कुटुंबातलं हिंदू असेल तर काय होतं? 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. जनरल रजिस्टरमधला तो एक शब्द शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरतो आणि बारावीनंतर जात वैधतेच्या वेळी आडवा येतो. मूल शाळेत असताना दुरुस्ती करून घेता येते. शाळा सुटल्यावर ती फार अवघड होते. म्हणून प्रवेशाच्या दिवशी समितीचा आदेश सोबत न्या आणि रजिस्टरमधली नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, फोनवर सांगून भागवू नका. माहिती नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा आणि सामाजिक तपासणी अहवालात शोध घ्या. घर खरोखर ख्रिस्ती असेल तर ख्रिस्तीच लिहायचं, सवलतीसाठी खोटं नको. आणि नाव बदलू नका. सोनाबाईची सोफिया करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

नवीन मुलाला अंघोळ घालताना, उवा काढताना गळ्यातला ताईत, हातातला दोरा कात्रीनं कापला जातो. मावशींचा हेतू स्वच्छतेचा असतो, पण तो दोरा आईनं बांधलेला असू शकतो. जखम किंवा खरूज असेल तरच काढावा, मुलाला सांगून. मग पाकिटात घालून त्यावर नाव आणि तारीख लिहावी, वस्तूंच्या वहीत नोंद करावी.

आता प्रार्थना. आठ वर्षांखालच्या मुलांना पाच-सात मिनिटं, मोठ्यांना पंधरा, एवढी पुरे. जेवणाआधीची प्रार्थना एका वाक्याची असावी. पाहुण्यांनी ती लांबवली की भात गार होतो आणि मुलांच्या मनात देव आणि भूक यांची गाठ पडते. संविधानाचं कलम 28(3) सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. बालगृहालाही हीच रीत शोभते. इथं एक गोष्ट हमखास बिघडते. ‘ज्याला यायचं त्यानं या’ असं आपण म्हणतो, पण न येणाऱ्यासाठी दुसरा मोठा माणूस नेमलेला नसतो. ते मूल व्हरांड्यात एकटं बसतं, किंवा त्याला झाडू धरायला लावतात. आठवड्याभरात ते आपण होऊन आत येतं आणि आपण त्याला स्वेच्छा म्हणतो. त्या वेळेसाठी दिवा लावलेली खोली, पुस्तकं आणि एक काळजीवाहक हवीच. रविवारी निम्मे कर्मचारी चर्चला गेल्यावरही हवी. केवळ दार उघडं ठेवून भागत नाही, हे 1893 साली पुण्यात शारदासदन या विधवा आणि मुलींच्या निवासी शाळेत दिसलं. पंडिता रमाबाईंनी सक्ती केली नव्हती, मुली त्यांच्या प्रार्थनेला येऊन बसत होत्या. तरी पालकांचा विश्वास उडाला, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक मुली काढून नेल्या गेल्या.

प्रार्थनेचा खरा आधार रात्री कळतो. अंधाराला घाबरणारं, अंथरूण ओलं करणारं मूल रोज तेच चार शब्द त्याच आवाजात ऐकून झोपतं. ते ‘चांगभलं’ म्हणून झोपत असेल तर तसंच झोपू दे. मारकुट्या बापाच्या मुलाला ‘देवबाप’ हा शब्द जड जातो. त्याच्यापुढं काही महिने मेंढपाळ, दिवा असे शब्द वापरा. आणि शिक्षा म्हणून बायबलातली वचनं लिहायला लावणं, गुडघ्यांवर उभं करणं आजच बंद करा. त्यातून शास्त्राचा तिटकारा तेवढा वाढतो. गाणी कोणती म्हणायची हे मुलांच्या समित्यांना ठरवू द्या. 6 ते 10, 11 ते 15, 16 ते 18 असे या समित्यांचे वयोगट बाल न्याय नियमांतच आहेत.

डिसेंबरात देणगीदार येतात तेव्हा मुलाला उभं करून ‘साक्ष’, म्हणजे देवानं आपलं आयुष्य कसं बदललं ते, सगळ्यांपुढं सांगायला लावू नका. त्याची गोष्ट फोटोसह पत्रकात किंवा मोबाइलवर गेली तर बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 चा भंग होतो. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. सणांचं सोपं आहे: नाताळाला जेवढा खर्च आणि तयारी, तिच्या निदान जवळपास दिवाळी, ईद आणि जोतिबाचा गुलाल असावा.

बाप्तिस्म्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. आईबाप ख्रिस्ती नसतील तर अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबावं, मुलानं स्वतः मागितला तरीही. चौदा वर्षांचं मूल ज्यांच्या हातचं खातं त्यांना खूश करायला काहीही मागेल. संस्था सोडून, स्वतःच्या पगारावर राहायला लागल्यावर ते पुन्हा आलं तर पाळकांनी आनंदानं दार उघडावं.

मूल घरी परत जाणार असेल तर निदान पंधरा दिवस आधी तयारी सुरू करा. गावात ‘बाटलेली पोरगी’ असं हिणवलं जाण्याची भीती मुलींना जास्त असते. मावशीला किंवा आजीला बोलावून सांगा की ही जेवताना डोळे मिटते, त्याला हसू नका, रागावूही नका. मुलीलाही सांगा की घरच्या देवाला हात जोडले म्हणून इथं कोणी नाराज होणार नाही. ताईत ठेवलेलं पाकीट सही घेऊन तिच्या हातात द्या. पहिल्या महिन्यात भेटीला जाणाऱ्या कार्यकर्त्यानं अभ्यास आणि तब्येतीबरोबर हेही विचारावं, तिला एकटीला बाजूला घेऊन.