बाहेरून बरा दिसणारा माणूस

अपघाताची फाइल घेऊन कुणी माझ्याकडे आलं आणि डिस्चार्ज कार्डावर 'हेड इंजुरी' दिसलं, की मी आधी बायकोला किंवा आईला विचारते, "घरात फोडणी करपली तर ह्यांना वास येतो का?" बायका दचकतात. बऱ्याच जणींनी तोवर ही गोष्ट कुणाला सांगितलेली नसते, कारण कुणी विचारलेलीच नसते. मग एखादी म्हणते, "नाही येत. परवा दूध करपून पातेलं काळं झालं, हे शेजारीच बसले होते."

मी अपघाताचे दावे लढवणारी वकील आहे, डॉक्टर नाही. डॉक्टरांच्या साक्षी नोंदवता नोंदवता हे शिकले. वासाचे तंतू नाकाच्या वर, कवटीच्या चाळणीसारख्या पातळ हाडातून मेंदूकडे जातात. डोकं जोरात आपटलं की मेंदू आत हिंदकळतो आणि हे तंतू तुटू शकतात. त्यांच्या लगेच वर मेंदूचा पुढचा भाग असतो. काम आखणं, राग आवरणं, एक हातातलं सोडून दुसरं धरणं हे त्या भागाकडे असतं. वास गेला म्हणजे तिथे इजा झालीच असं नाही. पण मी तिथून पुढे विचारायला लागते.

पाय गेलेला माणूस अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात आला की त्याची दुखापत त्याच्याबरोबर आत येते. डोक्याला मार लागलेला माणूस चालत येतो, नमस्कार करतो, नाव-गाव सांगतो. उलटतपासणीत विमा कंपनीचे वकील विचारतात, "तुम्ही आज कोर्टात स्वतः चालत आलात ना?" तो म्हणतो, "हो." "तुमचं जेवण तुम्ही स्वतः करता?" "हो." त्या दोन 'हो'मध्ये किती लाख रुपये गेले हे त्याला कळत नाही. आपल्याला काही झालंय हेच त्याला पटत नसतं, आणि तेही त्या दुखापतीचं लक्षण असतं.

एका माणसाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय ३४, घरगुती वायरिंगची कामं घेणारा, महिन्याला साधारण १८ हजार मिळवणारा. महामार्गावर गाडीने मागून धडक दिली. अकरा दिवस दवाखान्यात, मग घरी. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं, 'रुग्ण शुद्धीवर, हिंडता-फिरता.' गावाने पेढे मागितले. तीन महिन्यांनी तो कामावर गेला आणि हातात पक्कड घेऊन दुपारपर्यंत भिंतीकडे बघत बसला. पुढच्या कामाच्या वेळी वायरी उलट्या जोडल्या. घरमालक ओरडला तर त्याच्या अंगावर धावून गेला. हा माणूस अपघाताआधी कुणाला अरे म्हणायचा नाही. त्याची बायको मला म्हणाली, "ताई, माणूस परत दिलाय, पण तो नाही दिला."

सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंगत्वाचा दाखला मिळाला ३० टक्क्यांचा. आता हिशेब बघा. वर्षाचे २ लाख १६ हजार. स्वतःचा धंदा करणारा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१७ साली ठरवून दिलं. झाले ३ लाख २ हजार ४००. वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ज्या आकड्याने गुणायचं तो गुणक, एकतीस ते पस्तीस वयाला १६, तो तक्ता २००९ सालच्या निकालातला. गुणाकार ४८ लाख ३८ हजार ४००. याचे ३० टक्के धरले तर साडेचौदा लाख होतात. पण हा माणूस वायरिंग करू शकतो का? मुळीच नाही. तो साधी पहारेकऱ्याची नोकरी करू शकेल असं फार तर म्हणता येईल. मग कमाईचं नुकसान ८० टक्के धरलं तर ३८ लाख ७० हजार होतात. कागद तोच, माणूस तोच. फरक चोवीस लाखांचा.

हा फरक कुठून येतो ते नीट समजून घ्या. दाखल्यावरचे टक्के शरीराचे असतात. नुकसानभरपाई कमाईच्या क्षमतेवर मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हे अगदी सोपं करून सांगितलंय: डावा हात गेलेला चालक किंवा सुतार जवळजवळ सगळी कमाई गमावतो, पण तसाच हात गेलेला कारकून कदाचित आपल्या खुर्चीवर टिकून राहतो. म्हणून आधी बघायचं की हा माणूस काय करत होता आणि आता काय करू शकतो. डोक्याच्या माराला हे दुप्पट लागू आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत 'डोक्याला मार' असा वेगळा प्रकार नाही. त्यामुळे तुमच्या माणसाचं बोलणं, चालणं, बुद्धी यांचे तुकडे वेगवेगळे मोजले जातात आणि त्यांच्यामधून जे निसटतं, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

दुसरा फसवा शब्द म्हणजे 'सौम्य'. दवाखान्यात आणल्यावर शुद्धीचा एक अंक काढतात, तीनपासून पंधरापर्यंत. ही मोजणी १९७४ साली ग्लासगोत तयार झाली. आठ किंवा खाली म्हणजे गंभीर, तेरा ते पंधरा म्हणजे सौम्य. हा अंक पहिल्या काही तासांचा असतो, पुढच्या चाळीस वर्षांचा नसतो. सीटी स्कॅन स्वच्छ आला तरी मेंदूच्या तंतूंना सूक्ष्म इजा असू शकते. डॉक्टरांना साक्षीत हे आवर्जून विचारावं लागतं. विचारलं नाही तर ते आपणहून सांगत नाहीत, त्यांचा दोष नाही. आणि स्मरणशक्ती, एकाग्रता, आखणी यांच्या तपशीलवार चाचण्या करणारे मानसतज्ज्ञ असतात. मोठ्या शहरात जावं लागतं, खर्च होतो. करा. तो अहवाल आणि चाचणी घेणाऱ्याची साक्ष नसेल तर न्यायाधीशांच्या हातात फक्त चालत आलेला माणूस उरतो.

आता माझा मुख्य आग्रह. एक वही घ्या. शंभर पानी, साधी. घरातल्या एका माणसाने, शक्यतो बायकोने किंवा आईने, दवाखान्यातून घरी आल्या दिवसापासून लिहायची. 'फार चिडतात' असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. लिहा की १२ तारखेला गॅस चालू ठेवून बाहेर गेले. १७ तारखेला मुलाची शाळा कुठली ते आठवेना. २० तारखेला तीनदा आंघोळ केली, आधी केल्याचं लक्षात नव्हतं. त्या त्या वेळी केलेली नोंद साक्ष देताना आठवण ताजी करायला उपयोगी पडते, आणि उलटतपासणीत तारखेने बोलणाऱ्या बाईला हलवणं अवघड जातं. वायरिंगवाल्याच्या बायकोच्या अडीच वह्या भरल्या होत्या. ज्या घरमालकाच्या अंगावर तो धावून गेला, त्यालाच आम्ही साक्षीदार केलं. तो आला, आणि त्याने अपघाताआधीच्या चांगल्या कामाबद्दलही सांगितलं. कोर्टाने कमाईचं नुकसान ८० टक्के धरलं.

त्याच वहीत दुसरीकडून एक सदर करा: आज त्यांच्यासाठी कुणी किती वेळ दिला. आपल्याकडे घरच्या बाईने केलेली शुश्रूषा कुणी मोजत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एका निकालात ती मोजायची रीत दाखवली. हरियाणातली बारा वर्षांची मुलगी, २००७ साली ट्रकची धडक, डोक्याला इतका मार की बुद्धी नऊ महिन्यांच्या बाळाएवढी राहिली. न्यायालयाने दोन मदतनिसांचा खर्च धरला, महिन्याला प्रत्येकी ५ हजार, आणि तो गुणक लावून आयुष्यभरासाठी काढला: २१ लाख ६० हजार. एकूण भरपाई ६२ लाख २७ हजार. उच्च न्यायालयाने याच मुलीला पंचवीस लाखांच्या आसपास दिले होते. मी त्या निकालाची प्रत प्रत्येक अशा दाव्याला जोडते आणि आईच्या रात्रींचे पैसे मागते. मागायला लाजू नका.

मुदतीचं थोडक्यात. १ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांना कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. माणूस बेशुद्ध असला तरी दावा दाखल करता येतो, घरचं कुणी वादमित्र म्हणून, म्हणजे त्याच्या वतीने, सही करतं. अपघात सोलापुरात झाला आणि तुम्ही साताऱ्यात राहता, तर साताऱ्यात दावा टाकता येतो. हेल्मेट नव्हतं म्हणून दावा संपतो, हेही खरं नाही. भरपाई कदाचित कमी धरतील, तो वाद लढता येतो. आणि इमारतीवरून पडून डोक्याला मार लागलेल्या मजुराचा रस्ता वेगळा, कर्मचारी भरपाईचा; ती आधी १९२३ च्या कायद्यात होती, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. तिथे दोन वर्षं असतात. मुकादम हातावर पाच-दहा हजार ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा घेतो तेव्हा तो देऊ नका.

तडजोडीबद्दल मात्र सावकाश बोलते. लोकअदालत चांगली आहे, मी स्वतः शेकडो प्रकरणं तिथे मिटवली. हाड मोडलेलं असेल तर मिटवा. डोक्याचा मार असेल तर निदान वर्षभर थांबा. दावा दाखल करून ठेवा, पण आकडा सांगू नका. मेंदूची सुधारणा पहिल्या महिन्यांत भराभर होते, मग मंदावते, आणि कुठे थांबणार ते आधी कळत नाही. फिट पुष्कळदा उशिरा येतात, काही वेळा वर्षांनी. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. आणि न्यायाधिकरणाचा निवाडाही एकदाच होतो, नंतर आजार वाढला म्हणून तो पुन्हा उघडत नाही. म्हणून पुढच्या उपचारांचा खर्च तेव्हाच मागून घ्यावा लागतो.

[शेवटी प्रश्न घेतले. मागच्या रांगेतून एका गृहस्थांनी विचारलं: मुलाचा क्लेम दोन वर्षांपूर्वी लोकअदालतीत सव्वा लाखात मिटला. या दिवाळीपासून त्याला फिट येतात. पुन्हा काही करता येईल का?]

काका, खोटी आशा दाखवत नाही. तो दावा पुन्हा उघडणं जवळजवळ अशक्य आहे. तडजोडीत फसवणूक झाली असेल, कोऱ्या कागदावर सही घेतली असेल, तर उच्च न्यायालयात रिट करता येतं. ते फार क्वचित मान्य होतं, पण कागद बघितल्याशिवाय मी नाही म्हणणार नाही. मुलाचा दाखला काढला आहे का? नाही. मग तो आधी. दाखला मिळाला आणि उत्पन्नाच्या अटीत बसलात तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येईल. दिव्यांगांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही मोफत मिळतो. आणि मुलाला एकट्याने दुचाकी चालवू देऊ नका, विहिरीवर पाठवू नका. उद्या अकरा वाजता या. डिस्चार्ज कार्ड, लोकअदालतीची प्रत आणि फिटच्या गोळ्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या आणा. त्याच्या आईलाही बरोबर आणा.