कंपवात आणि सूत्रकृमीच्या आठ पेशी

श्रोतेहो, नमस्कार. मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात थरथरू लागतो, चाल मंदावते आणि डॉक्टर कंपवाताचे निदान करतात, तोपर्यंत रुग्णाच्या मेंदूतील डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या चेतापेशींचा मोठा भाग नष्ट झालेला असतो. या पेशी का मरतात हे जाणून घ्यायचे, तर त्या मरत असतानाच पाहता यायला हव्यात, आणि जिवंत माणसाच्या मेंदूत ते शक्य होत नाही. म्हणूनच अनेक संशोधकांनी सी. एलिगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या, पारदर्शक सूत्रकृमीचा आधार घेतला.

जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात केंब्रिजमध्ये हा कृमी अभ्यासासाठी निवडला. त्याच्या उभयलिंगी प्रकारात अवघ्या ३०२ चेतापेशी असतात आणि त्यांपैकी आठच डोपामिन तयार करतात: सहा डोक्याकडे, दोन शरीराच्या मागच्या भागात. जेलीफिशपासून मिळालेले हिरवे चमकणारे प्रथिन या आठ पेशींत निर्माण होईल अशी व्यवस्था केली, की जिवंत कृमीतच त्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजता येतात. माझ्या मते या कृमीचे खरे मोल या मोजणीत आहे, कारण आठांतली एक पेशी गेली तरी ते लपत नाही.

या पेशींचे कामही डोळ्यांना दिसते. पेट्री डिशमधल्या आगर या जेलीसारख्या पदार्थावर जिवाणूंचा पातळ थर दिलेला असतो, आणि पोट भरलेला कृमी सरपटत त्या थरात शिरला की त्याचा वेग कमी होतो. डोपामिन तयार न करू शकणारा कृमी मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतो.

सर्वांत बोलका प्रयोग विषाचा आहे. डोपामिनशी साधर्म्य असलेले ६-हायड्रॉक्सिडोपामिन हे रसायन दिले, की याच पेशी फुगतात, त्यांचे तंतू तुटतात आणि त्या मरतात, पण शेजारच्या पेशी शाबूत राहतात. याचे कारण असे, की बाहेर सोडलेले डोपामिन परत आत ओढून घेणारे एक प्रथिन या पेशींच्या आवरणावर असते आणि विषही त्याच वाटेने आत शिरते; त्या प्रथिनाचे जनुक निकामी असलेल्या कृमींत पेशी वाचतात.

आपल्या मुंबईतही, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, चेतापेशीच्या लांब तंतूंतून आवश्यक घटकांची ने-आण कशी होते, याचा अभ्यास याच कृमीवर चालतो.

तरीही कृमी म्हणजे रुग्ण नव्हे. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत साचणारे अल्फा-सायन्युक्लीन हे प्रथिन कृमीत मुळातच नसते, त्यासाठी माणसाचे जनुक त्याच्यात घालावे लागते. त्यामुळे कृमीच्या पेशी वाचवणारे रसायन सापडल्याची बातमी ऐकून कोणीही घरातल्या रुग्णाच्या गोळ्यांत परस्पर बदल करू नये. त्या रसायनाला अजून उंदरांवरच्या आणि मग माणसांवरच्या चाचण्यांतून जायचे असते, आणि त्यांतली बरीच रसायने मध्येच गळतात.