नळीला जोडलंय की मळाला?

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'कार्बन नॅनोट्यूबचं रासायनिक रूपांतर आणि नवे पदार्थ'. नव्या पदार्थांकडे मी येणारच आहे. पण आधी एक गोष्ट बोलून घेतो. ती सांगायला मिळेल म्हणूनच तुमचं निमंत्रण लगेच स्वीकारलं.

नॅनोट्यूब म्हणजे कार्बन अणूंच्या जाळीची अतिसूक्ष्म पोकळ नळी, हे या सभागृहात सांगायला नको. 1991 साली जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमांचा निबंध आला आणि तेव्हापासून सगळे आकड्यांवर फिदा आहेत. यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ताणाला न बधण्याचं माप, एक टेरापास्कलच्या आसपास, म्हणजे पोलादाच्या पाचपट. आकडा खरा आहे, पण तो एका सुट्या नळीचा. बाटलीतून आपल्या हाती येते ती काळी भुकटी, आणि तिच्यात नळ्या एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात. इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रेझिनमध्ये, टाकून ढवळा, घाईत केलेल्या पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. बरं, गुठळ्या फोडल्या तरी भिंत इतकी गुळगुळीत, की ताण पडला की नळी रेझिनमधून अलगद सुटून येते. 2000 साली रुऑफ यांच्या गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बहुभिंती नळी, म्हणजे एकात एक बसलेल्या नळ्या, दोन्ही टोकांना धरून ओढली. तुटली ती फक्त सगळ्यात बाहेरची भिंत, आतल्या नुसत्या सरकून बाहेर आल्या. म्हणजे जिला धराल तीच भिंत भार घेणार. आणि तिला धरायचं तर रेझिनला तिथे रासायनिक बंध हवा.

त्यासाठी सर्रास वापरतात ते मिश्रण तुम्हाला माहीत आहे: तीन भाग तीव्र सल्फ्युरिक, एक भाग तीव्र नायट्रिक, आणि ध्वनिलहरींनी घुसळणारा सॉनिकेटर. 1998 मध्ये राइस विद्यापीठात स्मॉली यांच्या गटाने याच मिश्रणाने लांब नळ्या कापल्या होत्या. नळीच्या टोकांवर आणि भिंतीतल्या दोषांवर कार्बोक्सिल, म्हणजे COOH, गट येतात. त्यांना अमाइन, म्हणजे नायट्रोजनवालं संयुग, जोडलं की इपॉक्सीशी सोयरीक जमली, असं आपण मानतो.

आता माझं दुखणं. आम्ल भिंत कुरतडतं तेव्हा चुरा पडतो, हाच तो मळ. कार्बनच्या वलयांचे छोटे छोटे पापुद्रे, आणि त्यांच्या कडांना भरपूर कार्बोक्सिल. ते भिंतीला चपटे चिकटून बसतात. आपण पाण्याने धूत राहतो, गाळलेलं पाणी लिटमसला उदासीन लागलं की सुटलो म्हणतो. पण पापुद्रे हटलेले नसतात! गाळणकागदावरच्या त्याच काळ्या थरावर सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली, ओता. कार्बोक्सिलचा प्रोटॉन निघून जातो, पापुद्र्यावर ऋण भार येतो आणि तो पाण्यात उतरतो. खालच्या फ्लास्कमध्ये आधी पिवळसर, मग चांगलं तपकिरी पाणी येतं. ओतत राहिलात की हळूहळू स्वच्छ होतं. 2007 मध्ये ऑक्सफर्डच्या रसायनशास्त्रज्ञांनी हेच दाखवलं, की ज्याला आपण नळीवरचे कार्बोक्सिल म्हणत होतो त्यातला मोठा वाटा या चुऱ्यावर असतो.

इथे किती जणांनी अल्कलीने धुतलंय? वर करा हात. दोन... तीन. मागच्या रांगेत एक. बघा!

मध्यंतरी माझ्याकडे एक प्रबंध तपासायला आला होता. विद्यार्थिनी हुशार, काम नेटकं. इन्फ्रारेड वर्णपटात 1720 प्रति सेंटीमीटरच्या आसपास कार्बोक्सिलचं शिखर आणि खाली एक ओळ: 'नळ्यांवर कार्बोक्सिल गट बसले.' मी कळवलं, अल्कलीने धुवा आणि पुन्हा मोजा. मार्गदर्शकांचं उत्तर आलं, आमच्या विभागात तशी पद्धत नाही. अहो, त्या मुलीची वर्षं गेली आहेत यात! अमाइन चुऱ्याला जोडलं असेल तर भार आल्यावर पापुद्रा सरकेल, आणि तिला वाटेल की आपलं इपॉक्सीच वाईट. एका संध्याकाळचं धुणं आहे हे, त्यासाठी नवं यंत्रसुद्धा लागत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पटकन.

थेट भिंतीवर बंध हवा असेल तर डायझोनियम क्षार आहेत, त्यातला कार्बनी गट भिंतीलाच जोडला जातो. 2003 मध्ये असंही दिसलं, की ते धातूसारख्या नळ्यांना आधी गाठतात आणि अर्धवाहक नळ्या मागे राहतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना त्यात रस आहे. इटालियन रसायनशास्त्रज्ञ प्रातो यांची ॲझोमेथाइन यलाइडची अभिक्रियाही आहे, तीही भिंतीवरच बंध करते, पण डीएमएफ या द्रावकात दिवसच्या दिवस तापवावं लागतं. पण प्रत्येक बंधामागे भिंतीतला एक कार्बन एसपी-दोनचा एसपी-तीन होतो, म्हणजे तीनऐवजी चार अणूंना धरतो, आणि वीज वाहणं घटतं. त्यावर तोड म्हणजे दुभिंती नळी: रसायन बाहेरच्या भिंतीवर करायचं, वाहतूक आतल्या भिंतीतून.

म्हणून आधी ठरवा, नळी कशासाठी घालताय. ताकदीसाठी असेल तर सहसंयुज बंध, आणि तोही धुऊन तपासलेला. लिथियम-आयन बॅटरीच्या धनाग्रात ती वीज वाहायला घालतात, तिथे भिंतीला हात लावूच नका. पॉलिव्हिनिल पायरोलिडोनसारखा पॉलिमर नुसता गुंडाळला तरी नळ्या सुट्या राहतात. पायरीन या चपट्या वलयांच्या रेणूचंही असंच, ते भिंतीवर आपसूक बसतं, बंध मोडत नाही. पायरीनच्या स्लाइड्स राहिल्या, त्या चहाच्या वेळी लॅपटॉपवर दाखवतो.