औषध रुग्णापर्यंत पोचण्याआधी

पुण्यातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात मेडिसिन वॉर्डाचा सकाळचा राउंड निघतो, तेव्हा डॉक्टर आणि सिस्टर यांच्या जोडीला कधी कधी आणखी एक व्यक्ती असते. ती म्हणजे क्लिनिकल फार्मासिस्ट. लिहून दिलेले औषध याच रुग्णाला, याच मात्रेत आणि त्याच्या चालू औषधांसोबत द्यावे का, हे पाहणे हे तिचे काम. गोळ्या मोजून देणाऱ्या खिडकीशी या कामाचा संबंध थोडाच.

कामाला सुरुवात होते ती पिशवीपासून. जुन्नर, भोर, दौंडकडून आलेल्या रुग्णाचे नातेवाईक घरातली सगळी औषधे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून आणतात. तीत गावातल्या डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची गोळी असते, शहरातल्या तज्ज्ञांनी वेगळ्या कंपनीच्या नावाने लिहिलेली तीच गोळी असते, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली वेदनाशामके असतात, आणि खोदून विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही असा एखादा काढाही निघतो. फार्मासिस्ट प्रत्येक पाकिटामागचे बारीक अक्षरांतले मूळ औषधाचे नाव वाचते आणि केसपेपरवरच्या यादीशी ताडून पाहते. एकच औषध दोन नावांनी चालू आहे, किंवा मूत्रपिंड कमजोर असूनही वेदनाशामक रोज घेतले जात आहे, हे बहुधा इथेच उघडकीला येते.

त्यानंतर येते मात्रेची तपासणी. मूत्रपिंडावाटे बाहेर पडणाऱ्या प्रतिजैविकाची मात्रा क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसे काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) पाहून कमी करावी लागते. वॉरफेरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावर असलेल्या रुग्णाला मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक सुरू केले, तर रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, लवकर तपासावा, असा शेरा फार्मासिस्ट लिहिते. निर्णय अर्थातच डॉक्टरांचा असतो.

इन्सुलिनचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या व्हायल (कुप्या) बहुतांशी एका मिलिलिटरला 40 युनिट अशा येतात, तर इन्सुलिन पेनची काडतुसे मिलिलिटरला 100 युनिटची असतात. पेनमधले इन्सुलिन घाईत 40 च्या सिरिंजमध्ये ओढले, तर सिरिंजवर 20 चा आकडा दिसतो आणि अंगात मात्र 50 युनिट जातात. यात निष्काळजीपणापेक्षा मांडणीचा दोष मोठा आहे. पोटॅशियम क्लोराइडचेही तेच. त्याचे तीव्र द्रावण पातळ न करता शिरेत वेगाने गेले, तर हृदय बंद पडू शकते. म्हणून या ॲम्प्यूल सर्वसाधारण वॉर्डातल्या कपाटात ठेवूच नयेत, असा आग्रह फार्मासिस्ट धरतात. आणि भिंतीवर लावलेल्या दहा सूचनांपेक्षा हा एक बदल अधिक उपयोगी आहे, असे म्हणावेसे वाटते.

राउंडमधल्या या हजेरीला पुरावा आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागातील अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. राउंडमध्ये फार्मासिस्ट असताना, औषध लिहिण्यातील चुकांमुळे होणारे आणि टाळता येण्याजोगे अपाय 66 टक्क्यांनी घटले होते. भारतात फार्म डी (डॉक्टर ऑफ फार्मसी) हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम 2008 मध्ये सुरू झाला, आणि त्याचे शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये औषधांमुळे होणारा गंभीर, टाळता येण्याजोगा अपाय पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. तरीही काही ठिकाणी या शिकलेल्या मुलामुलींचा वेळ रुग्णालयाच्या दर्जाच्या मानांकनाच्या तपासणीसाठी फॉर्म भरण्यातच जातो, आणि वॉर्डात त्यांच्या शेऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

घरी सोडण्याच्या दिवशीचे काम तर सर्वांत अधिक दुर्लक्षित. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले, तर तोंडात फोड येण्यापासून अस्थिमज्जा काम करेनाशी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून फार्मासिस्ट डिस्चार्ज कार्डावर मराठीत ‘फक्त रविवारी’ असे लिहिते, रोजच्या गोळ्यांपासून हे पाकीट वेगळे बांधून देते, आणि गोळ्या कोणत्या दिवशी घ्यायच्या ते घरी औषधे देणाऱ्या सुनेकडून किंवा मुलाकडून परत वदवून घेते. उत्तर चुकले, तर पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगते.