उंदराच्या ताटातला शेवगा

(इंदूरच्या एका मराठी महिला मंडळात झालेलं व्याख्यान)

गेल्या आठवड्यात आपल्या भिशीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरलं. ‘शेवग्याचा पाला खा, कोलेस्टेरॉल पळवा, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय.’ मी जन्मभर बायोकेमिस्ट्री शिकवली, त्यामुळे संध्याकाळपर्यंत मला सहा फोन. मग म्हटलं, एकदाच सगळ्यांसमोर बोलू.

इथे इंदुरात शेवगा म्हणजे सुरजना, आणि सुरजना म्हणजे शेंगा. पाला आपण झाडून टाकतो. माझ्या आईचं माहेर मालवणकडचं. तिथे गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी नसेल तर सण झाल्यासारखा वाटत नाही. त्यामुळे या पाल्याचं कौतुक मलाही आहे, हे आधीच कबूल करते.

आता ते ‘सिद्ध’ काय आहे ते पाहू. २००० साली नायजेरियातल्या संशोधकांनी पांढऱ्या उंदरांना भरपूर चरबीचं खाणं दिलं आणि काहींना त्याबरोबर रोज पाल्याचा अर्क पाजला. महिनाभरानं नुसतं चरबीचं खाणं खाल्लेल्या उंदरांच्या रक्तात दर १०० मिलिलिटरला ११५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल होतं, अर्क घेतलेल्यांच्या रक्तात १०३. यकृतात आणि मूत्रपिंडातही ते थोडं कमी भरलं. श्रेय त्यांनी पाल्यातल्या बीटा-सिटोस्टेरॉलला दिलं.

हे सिटोस्टेरॉल म्हणजे कोलेस्टेरॉलचा वनस्पतींमधला चुलतभाऊ. खाल्लेलं कोलेस्टेरॉल आतड्यात पित्तक्षारांच्या सूक्ष्म गोळ्यांमध्ये बसून पुढे शोषलं जातं. त्या गोळ्यांत जागा मोजकी. सिटोस्टेरॉल आधीच तिथे रुमाल टाकून बसतं, जनरलच्या डब्यात टाकतात तसा! मग कोलेस्टेरॉलचा बराचसा भाग चढूच शकत नाही, तो मळावाटे बाहेर जातो. पालेभाजीतला विरघळणारा चोथा निराळी युक्ती करतो. तो पित्ताम्लं धरून बाहेर नेतो, आणि कोलेस्टेरॉलपासून नवी बनवायला यकृताला ते रक्तातून ओढून घ्यावं लागतं.

इथपर्यंत छान. पण उंदीर हा फार फसवा प्राणी आहे. त्याचं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये असतं, म्हणजे ज्याला आपण ‘चांगलं’ म्हणतो त्यात. आपलं जास्त एलडीएलमध्ये, म्हणजे ‘वाईट’ म्हणतो त्यात. पित्त साठवायला उंदराला पित्ताशयसुद्धा नाही. नुसतं कोलेस्टेरॉल खाऊन त्याच्या रक्तवाहिन्या सहसा बुजत नाहीत. १९१३ साली रशियात अनिचकोव्ह या शास्त्रज्ञानं कोलेस्टेरॉलनं धमन्या खराब होतात हे दाखवलं, ते सशांवर.

याची उलटी बाजू जास्त गमतीची. जपानमध्ये अकिरा एन्डो या शास्त्रज्ञांनी बुरशीतून कॉम्पॅक्टिन नावाचं कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध काढलं. उंदरांना दिलं, तर कोलेस्टेरॉल हलेना. औषध जवळजवळ बाद झालं होतं. मग त्यांनी ते अंडी देणाऱ्या कोंबड्यांना दिलं आणि कोलेस्टेरॉल धाडकन उतरलं. आज तुमच्यापैकी कितीतरी जणी रात्री जी कोलेस्टेरॉलची, म्हणजे स्टॅटिनची गोळी घेतात, तिचं मूळ तिथे आहे. उंदराचं ऐकलं असतं तर ती हाती यायला किती उशीर झाला असता!

शिवाय मात्रा बघा. त्या उंदरांना वजनाच्या दर ग्रॅममागे एक मिलिग्रॅम अर्क दिला होता. साठ किलोच्या बाईला सरळ हिशेबानं साठ ग्रॅम. प्राण्याची मात्रा माणसाला लावताना वजनाऐवजी शरीराच्या पृष्ठभागावरून हिशेब करतात, त्या नियमानं मोजलं तरी रोज दहाएक ग्रॅम, आणि तोही अर्क, पाला नव्हे. भाजीच्या वाटीला हा आकडा लावताच येत नाही.

‘मग मी गोळी बंद करू का?’ सहातल्या चौघींनी हेच विचारलं. नाही. आणि रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेत असाल, तर पालेभाज्या एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा; त्यातल्या ‘के’ जीवनसत्त्वानं औषधाचा हिशेब बिघडतो.

भाजी मात्र खुशाल करा. पाला कोवळा घ्या, काड्या नीट काढा, नाहीतर दातात येतात. भिजवलेली मूगडाळ, ठेचलेला लसूण, सुकी मिरची, झाकण ठेवून दोन वाफा. वरून ओलं खोबरं. हो, त्यात चरबी असते, मला माहीत आहे. आई मूठभर घालायची, मी चमचाभर घालते.