आधी पाइप, मग कार्बोरेटर

[गॅरेज. बॉनेट उघडलेलं, इंजिन चालू.]

हा आवाज जरा ऐका. रेस आपोआप चढते, उतरते, परत चढते. ॲक्सिलरेटरवर कुणाचाही पाय नाही. सिग्नलला उभी राहिली की ही गाडी बंद पडते. चढावर झटके मारते. आणि ॲव्हरेजचं विचाराल तर मालक विषय बदलतात.

गाडी मारुती ८००, १९९७ सालची, कार्बोरेटरवाली. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देतो तो कार्बोरेटर. इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर. १९८३च्या डिसेंबरात पहिली ८०० ग्राहकाच्या हाती पडली, २०१४च्या जानेवारीत उत्पादन थांबलं. मधल्या ३० वर्षांत २५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या. त्यातल्या बऱ्याच अजून चालतात, आणि बहुतेकींच्या बॉनेटखाली एक म्हातारं रबर असतं, व्हॅक्यूम पाइप, ज्याच्याकडे कुणी बघत नाही.

[मिस्त्री वाकून बघतोय. शेजारी मालक.]

"काका, कार्बोरेटर खोललाय ना याआधी?"

"दोन-तीनदा. किट टाकलं, जेट साफ केले. आठ दिवस बरी चालते, मग परत तेच."

"मग हा मिक्स्चरचा स्क्रू कुणी फिरवलाय?"

"प्रत्येकाने थोडा थोडा."

[मिस्त्रीच्या हातात बोटभर लांबीचा काळा पाइप. तो वाकवतो. बाहेरच्या बाजूला बारीक चिरा उघडतात.]

चिरा बघा. पाइप सरळ असताना दिसत नाहीत, वाकवला की मिशीएवढ्या बारीक रेषा उघडतात. टोकाकडे तर रबर इतकं कडक झालंय की नखाने दाबलं तरी खूण उमटत नाही. नवा पाइप नळीला आवळून धरतो. हा नुसता अडकवलेला आहे. आता मिस्त्रीने चालू इंजिनवर पाइपचं टोक बोटाने घट्ट दाबून धरलं, आणि आवाज बघा कसा सरळ झाला. बोट काढलं, परत वरखाली. गॅरेजच्या भाषेत याला म्हणतात, एअर घेतंय.

हे होतं कसं? पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, पण पाय ॲक्सिलरेटरवर नसताना थ्रॉटलची, म्हणजे हवेच्या वाटेतली, पाकळी जवळजवळ बंद असते. त्यामुळे आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांत, जोरदार ओढ तयार होते. हाच व्हॅक्यूम, आणि हे पाइप त्यालाच जोडलेले. चांगल्या इंजिनवर व्हॅक्यूम गेज लावलं तर समुद्रसपाटीला काटा साधारण १७ ते २१ इंचांवर स्थिर उभा राहतो. इथले इंच पाऱ्याचे. हीच गाडी महाबळेश्वरला नेली तर काटा चारेक इंच खाली दिसेल. तिथे मुळात हवाच विरळ, तो दोष इंजिनचा नव्हे. मात्र काटा थरथरत असेल किंवा जागेवर कमी दाखवत असेल, तर कुठून तरी चोरवाटेने हवा आत शिरते आहे.

ही हवा कार्बोरेटरला न विचारता येते, म्हणजे तिच्या वाट्याचं पेट्रोल तिला मिळत नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. हवा वाढली की मिश्रण पातळ होतं, एखादा सिलिंडर मधूनच चुकतो, मिसिंग मारतो. मिस्त्री घाईत असला तर मिक्स्चर स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवतो. इंजिन शांत होतं, काका खूश होतात, आणि चीर मात्र तशीच राहते. पुढच्या महिन्यात ती आणखी उघडते, स्क्रू आणखी फिरतो. शेवटी गाडी पीयूसीला जाते आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा अडतो. भारत स्टेज २च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला मर्यादा ३ टक्के आहे. ती फार सैल आहे, तरीही अशा गाड्या तिथे नापास होतात. बदनाम कार्बोरेटर होतो.

एवढे पाइप मुळात आले कुठून? साठच्या दशकाआधीच्या इंजिनांत क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीतली, घाण वाफ सरळ खाली रस्त्यावर सोडलेली असायची. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसचं धुरकं डोळ्यांना झोंबायला लागलं. ते कशातून तयार होतं हे कॅलटेकमधले आरी हागेन-स्मिट यांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं, आणि १९६१पासून तिथल्या नव्या गाड्यांत ही वाफ परत इंजिनकडे वळवणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह येऊ लागला. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात धरून ठेवण्याची सक्ती त्यानंतर दहाएक वर्षांनी झाली. तेव्हापासून बॉनेटखाली रबराचं जाळं वाढतच गेलं.

आपल्या ८००मध्ये हे जाळं त्या मानाने साधं आहे. तरी प्रत्येक पाइपचं दुखणं वेगळं.

बूस्टर असलेल्या गाडीत सगळ्यात जाड पाइप ब्रेक बूस्टरचा, म्हणजे इंजिनच्या ओढीने ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याचा. हा फाटला की दोन गोष्टी एकदम होतात: इंजिन अडखळतं आणि ब्रेकचं पॅडल दगडासारखं कडक लागतं. तपासायचं कसं? इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा, कडक झालं की पाय तसाच दाबून गाडी स्टार्ट करा. पॅडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर बाकीचं काम बाजूला ठेवा आणि आधी हे बघा.

क्रँककेसचा पाइप फाटण्याआधी बरेचदा तुंबतो. आत ऑइलचा काळा गाळ बसतो. वाफेला वाट मिळाली नाही की ती सीलमधून ऑइल बाहेर ढकलते, आणि मालक गॅस्केट बदलत बसतो.

सगळ्यात फसवा पाइप डिस्ट्रिब्यूटरवरचा, म्हणजे प्लगांना स्पार्क वाटून देणाऱ्या भागावरचा. बऱ्याच कार्बोरेटरमध्ये याची जोडणी थ्रॉटलच्या पाकळीच्या जरा वर असते, म्हणून आयडलिंगला त्यात ओढच नसते. तो फाटला तरी उभ्या गाडीत काही कळत नाही. पण हायवेला, हलक्या पायाने चालवताना स्पार्क जितका लवकर पडायला हवा तितका पडत नाही. आवाज ठीक, धूर नाही, फक्त टाकी लवकर रिकामी होते. याची परीक्षा सोपी आहे: पाइप काढून तोंडाने हलकेच ओढा आणि टोक जिभेने बंद करा. ओढ टिकली तर आतला पडदा शाबूत.

[क्लोजअप: गळती शोधताना.]

गळती शोधायला बहुतेक गॅरेजांत कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारतात. जिथे रेस बदलेल तिथे चीर. उपाय चालतो, पण गरम सायलेन्सर आणि प्लगच्या वायरी शेजारी असताना तो पेटूही शकतो. काही जण उदबत्तीचा धूर फिरवतात. पेट्रोलच्या वाफेजवळ निखारा! हे घरी करू नका, गॅरेजमध्येही करू नका. साध्या पाण्याचा बारीक फवारा पुष्कळदा पुरतो. नाही तर हातभर रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं पाइपावरून फिरवा. फुसफुस नेमकी कुठून येते ते ऐकू येतं.

आता बदलण्याचं काम. पहिला नियम असा की सगळे पाइप एकदम काढायचे नाहीत. एक काढा, त्याच लांबीचा नवा कापा, बसवा, मग दुसरा. त्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढून ठेवा. जुना पाइप ओढून काढू नका. तीस वर्षं तापलेली प्लास्टिकची नळी रबरासकट मोडून हातात येते, आणि वीस रुपयांच्या पाइपपायी आख्खा व्हॉल्व्ह शोधत फिरावं लागतं. ब्लेडने पाइपला उभी चीर द्या, मग साल काढल्यासारखा सोलून घ्या. पाइपमध्ये छोटा एकमार्गी व्हॉल्व्ह किंवा बारीक भोकाची पितळी गोळी असेल तर ती जुन्या रबराबरोबर कचऱ्यात जाऊ देऊ नका. व्हॉल्व्हची दिशा उलटी झाली तर नवा पाइप घालूनही दुखणं तसंच राहतं.

[नाना पेठेतलं स्पेअर पार्ट्सचं दुकान. काउंटरवर पाइपांची भेंडोळी.]

पुण्यात नाना पेठेत मीटरवर पाइप मिळतो, पण "व्हॅक्यूमचा द्या" एवढं सांगून भागत नाही. पेट्रोल किंवा पेट्रोलची वाफ जिथून जाते तिथे त्यासाठीचाच पाइप हवा. त्याच्या अंगावर एसएई जे३० आर७ असा छाप असतो. कूलंटचा ईपीडीएम रबराचा पाइप दिसायला सारखाच, पण पेट्रोल आणि ऑइल लागलं की फुगून मऊ होतो. निळे-लाल सिलिकॉनचे पाइप उष्णता झकास सोसतात, नुसत्या हवेच्या लाइनला चालतील, पेट्रोलच्या वाफेला मात्र नाहीत. माशांच्या टाकीचा पारदर्शक पाइप लावलेल्या गाड्याही येतात. त्यावर काय बोलणार! बूस्टरला जाड, ओढीने न चेपणारा, बूस्टरचाच पाइप.

पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं. जुन्या जातीच्या रबराला इथेनॉल मानवत नाही. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे अशा पेट्रोलला १४.७ ऐवजी साधारण १३.५ पट हवा पुरते. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, जसे होते तसेच, म्हणजे मिश्रण आधीच थोडं पातळ. पूर्वी खपून जायची ती बारीक चीर आता लगेच जाणवते. "गाडी अचानक बिघडली" म्हणणाऱ्या पुष्कळांचे पाइप आधीच गेलेले असतात.

[इंजिन पुन्हा चालू. टायमिंग लाइटची उघडझाप.]

पाइप बसले. आता सगळ्यांनी थोडा थोडा फिरवलेला तो स्क्रू. त्याला हात लावण्याआधी टायमिंग, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ, बघायचं. त्यासाठी डिस्ट्रिब्यूटरचा पाइप काढून त्याचं तोंड बंद करतात. टायमिंग लागलं की आयडलिंग, आणि सगळ्यात शेवटी मिक्स्चर. मिस्त्री स्क्रू आत घेतो, अजून घेतो. काका आवाज ऐकत उभे.

"एवढा आत?"

"काका, आधीच्यांनी पेट्रोल नुसतं ओतत ठेवलं होतं."

मागच्या बाजूचा, टाकीवरचा वाफेचा पाइप मात्र आज राहिला. तो बदलायला टाकी उतरवावी लागते, आणि काकांनी येतानाच फुल केलीये. मिस्त्रीने त्यांना सांगितलंय, रिझर्व्हला आली की या.