मेन्यूचा मजकूर कोणी लिहायचा?

मंडळी, विषय आहे लिनक्स कर्नलचा, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, मेन्यू तुकड्यातुकड्यांनी कसा बांधला, हा. मेन्यू म्हणजे कर्नल कंपाइल करण्याआधी त्यात काय काय घ्यायचं ते निवडायची यादी. पण आधी माझी फजिती सांगतो. इथल्या निम्म्या लोकांनी ती ऐकली आहे, त्यांनी हसायच्या जागी हसावं.

2001 साल. होस्टेलवर तिघांत एक पेन्टियम. 2.4 कर्नल आणला आणि ही निवड करायची 'मेक कॉन्फिग' कमांड मारली. तेव्हा प्रश्न एकामागून एक यायचे: हे हवं का? हो, नाही की मॉड्यूल (म्हणजे कर्नलबाहेर वेगळी फाइल, लागेल तेव्हा चढवायची)? मागे फिरायची सोय नव्हती. चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून. शे-दीडशे प्रश्नांनंतर माणूस रेशनकार्डाचा फॉर्म भरल्यासारखा दिसेल त्याला 'हो' म्हणायला लागतो. मी जरा शहाणा, मी 'मॉड्यूल' म्हणायला लागलो. कर्नल हलकाफुलका राहतो ना! त्या भरात डिस्कच्या फाइल सिस्टीमलाही, म्हणजे एक्स्ट-टूलाही, मॉड्यूल म्हटलं. रात्रभर कंपाइल केलं, सकाळी बूट केलं, आणि पॅनिक, म्हणजे कर्नल जागच्या जागी ठप्प. डिस्क वाचायला मॉड्यूल हवं आणि मॉड्यूल डिस्कवर. किल्ली कपाटात, कपाटाला कुलूप. (इनिटआरडी, म्हणजे बूट होताना मॉड्यूल पुरवणारी मेमरीतली तात्पुरती डिस्क, म्हणणारे हात खाली घ्या, तेव्हा मला ते माहीत नव्हतं.)

खरा राग पुढे आहे. प्रश्नचिन्ह दाबलं असतं तर मदतीत हा इशारा साफ लिहिलेला होता! पण ती मदत राहायची कुठे? डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरात, 'कॉन्फिगर डॉट हेल्प' नावाच्या एकाच अवाढव्य फाइलीत. ड्रायव्हर एकाचा, प्रश्न दुसरीकडे, खुलासा तिसरीकडे. स्वयंपाक करणारी एक आणि वाढणारा भलताच.

पाच मिनिटंच उरली? बरं, पळवतो.

रोमन झिपेल या कर्नल डेव्हलपरचं केकॉन्फिग, म्हणजे हा मेन्यू बांधायची नवी पद्धत, ऑक्टोबर 2002 मध्ये कर्नलच्या 2.5.45 आवृत्तीत आली. ज्याचा ड्रायव्हर, त्याच्याच फोल्डरात त्याची फाइल. प्रश्न, अटी, मदत सगळं तिच्यातच. वरची फाइल फक्त 'सोर्स' म्हणून बोलावते. आधी टर्मिनलचे प्रश्न, मेन्यूकॉन्फिग आणि एक्सकॉन्फिग अशा तीन पडद्यांना या फाइली वाचणारे तीन वेगळे प्रोग्राम होते. आता वाचणारा एकच, पडदे हवे तितके. म्हणूनच बिझीबॉक्स, बिल्डरूट, यू-बूट या कर्नलबाहेरच्या प्रकल्पांनीही केकॉन्फिग उचललं.

एकच तक्रार. 'डिपेन्ड्स ऑन' म्हणजे अट: ती पुरी झाली नाही तर पर्याय मिळतच नाही. 'सिलेक्ट' म्हणजे एका पर्यायाने दुसऱ्याला परस्पर चालू करणं: घरात पीठ आहे का न विचारता पाहुण्याला थेट पाटावर बसवणं. त्या दुसऱ्याच्या अटी सिलेक्ट बघतच नाही. म्हणून ज्याला स्वतःचा प्रश्नच नाही आणि काही अटीही नाहीत, अशालाच सिलेक्ट करा. बाकीच्यांसाठी... हो, हो, उठतो. चहाला या, माझ्याकडे उदाहरणं आहेत.